घोडीचं भ्रूण प्रत्यारोपण: पहिल्या हंगामाआधी हे वाचून घ्या

आमच्याकडे दोन कालनिर्णय लागतात. एक घरात, एकादशी-चतुर्थी बघायला. दुसरं पागेच्या दारामागे. त्यावर निळ्या शाईत डोनर घोडीचे (जिचा भ्रूण काढायचा ती) दिवस आणि लाल-हिरव्या शाईत रेसिपियंट घोड्यांचे (तो पोटात वाढवणाऱ्या) दिवस लिहिलेले असतात. भ्रूण प्रत्यारोपण म्हटलं की लोकांना पांढरे कोट आणि सूक्ष्मदर्शक आठवतं. खरं म्हणजे भ्रूण एका घोडीतून काढून दुसरीत सोडायला एक सकाळ पुरते. त्याआधीचे दोन-तीन आठवडे नुसते दिवस मोजण्यात जातात, आणि काम बिघडतं ते तिथंच.

मी डॉक्टर नाही. मारवाडी घोड्या पाळतो आणि तीन हंगाम हे करून बसलोय. पहिला हंगाम पूर्ण वाया गेला. तो कसा गेला तेही पुढे सांगतो.

आपल्या देशात मारवाडी जातीत या पद्धतीने पहिलं शिंगरू जन्मलं ते बिकानेरला, राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राच्या आवारात, 19 मे 2023 रोजी. साडेसात दिवसांचा भ्रूण डोनर घोडीतून काढून दुसरीत ठेवला होता. 23 किलो वजनाची मादी झाली, नाव ठेवलं राज-प्रथमा. ती बातमी वाचून माझ्यासारखे बरेच जण या वाटेला लागले.

1. आधी ठरवा, तुमच्या घोडीला याची गरज आहे का

गरज असते ती अशी: घोडी स्पर्धेत किंवा सवारीत आहे आणि तिला अकरा महिने बसवून ठेवायचं नाही. किंवा घोडी वयस्क आहे, बीज अजून चांगलं आहे, पण गर्भाशय गर्भ धरून ठेवत नाही. किंवा चांगल्या वंशाच्या एकाच घोडीपासून एका वर्षात एकापेक्षा जास्त शिंगरं हवीत.

थरोब्रेड घोड्यांसाठी मात्र हे नाही. शर्यतीच्या घोड्यांच्या वंशनोंदीत फक्त नैसर्गिक संयोगाची शिंगरं घेतात. पुण्याच्या आसपास कुणी 'थरोब्रेडचंही करून देतो' म्हणाला, तर ते शिंगरू धावपट्टीवर कधीच उतरणार नाही हे लक्षात ठेवा.

गायींचं प्रत्यारोपण पाहिलेल्यांची एक समजूत इथे मोडते. गायीला इंजेक्शनं देऊन एकाच वेळी अनेक भ्रूण काढता येतात. घोडीला ती औषधं तशी लागू पडत नाहीत. माजाच्या एका चक्राला एक भ्रूण, फार तर दोन. तरुण, निरोगी घोडी आणि चांगलं ताजं वीर्य असेल तरी भ्रूण काढायला गर्भाशय साधारण दोन वेळा धुतल्यावर एकदा हाती लागतो असं धरून चाला. त्याहून जास्त लागले तर देवाची कृपा.

2. रेसिपियंट आधी, डोनर मागाहून

नवीन माणूस सगळा पैसा डोनरवर आणि नामांकित घोड्यावर लावतो, आणि पोटात वाढवणारी घोडी बाजारातून मिळेल ती उचलतो. मीही तेच केलं. एका बाजारातून दोन घोड्या आणल्या. स्वस्तात मिळाल्या म्हणून खूश होतो. आणल्यावर सोनोग्राफी केली, तर एक आधीच गाभण! बरं झालं आधी पाहिलं. न पाहता माज आणायचं इंजेक्शन टोचलं असतं तर गर्भ गेला असता. तेव्हा पहिला नियम हा: बाहेरून आणलेल्या घोडीला सोनोग्राफीशिवाय कोणतंही हार्मोन नाही.

रेसिपियंट कशी असावी? वय साधारण 4 ते 10. उंची-बांधा डोनरच्या तोडीचा, कारण शिंगरू किती वाढेल हे गर्भाशयाच्या जागेवरही ठरतं. गर्भाशय स्वच्छ, चक्र नियमित. एकदा व्यालेली आणि शिंगरू नीट पाजलेली असेल तर सोन्याहून पिवळं. स्वभाव शांत हवा, महिनाभर तिच्या मागे उभं राहून तपासण्या करायच्या आहेत. आणि एका डोनरमागे दोन, जमलं तर तीन. एकीच्या भरवशावर राहिलात तर तिचं चक्र दोन दिवसांनी सरकलं की सगळं मुसळ केरात.

गावात हमखास विचारतात, "पोटात वाढवणारीचा रंग लागणार नाही ना?" नाही. रंग, बांधा, कानाचं वळण हे डोनर आणि घोड्याकडून येतं. पोटात वाढवणारी देते ती जागा, रक्तातून खाणं आणि नंतर दूध. आणि सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात अंगावरचे केसांचे भोवरे पाहून भाव करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: हे क्लोनिंग नव्हे. आई पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरं) म्हणून शिंगरूही पंचकल्याणीच होईल असं नाही. ते नशीब नेहमीसारखंच.

3. कागद आणि तपासण्या

हे हंगाम सुरू व्हायच्या दोन महिने आधी उरकावं.

- सगळ्या घोड्यांची आणि नर घोड्याची ग्लँडर्स (जिवाणूंचा संसर्गजन्य रोग) व इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया (विषाणूने होणारा रक्ताचा रोग) यांची रक्ततपासणी. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या 2009 च्या कायद्याने कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे. इथे हयगय नको.
- सर्राची (गोमाश्यांनी पसरणारा, रक्तातल्या परजीवीचा रोग) तपासणी, विशेषतः पावसाळ्यानंतर गोमाश्या जास्त असतील तर.
- डोनर आणि रेसिपियंट दोघींच्या गर्भाशयाचा स्वॅब. पू किंवा पाणी असेल तर आधी उपचार, मग बाकीचं.
- धनुर्वात, इन्फ्लूएन्झा, रेबीज यांच्या लसींच्या नोंदी.
- डोनर आणि घोड्याचे नोंदणीचे कागद, ओळखखुणांचे फोटो, मायक्रोचिप असेल तर क्रमांक.
- तुमच्या जातीची नोंदणी करणाऱ्या संस्थेचं लेखी उत्तर, की प्रत्यारोपणाचं शिंगरू नोंदवतात का आणि डीएनए नमुने कधी, कसे हवेत.

शेवटचा मुद्दा लोक टाळतात. फोनवर 'हो हो, होऊन जाईल' म्हणणारा माणूस वर्षभराने तिथे असेलच असं नाही. लेखी घ्या.

4. चक्र ओळखा

घोडीचं चक्र साधारण 21-22 दिवसांचं. त्यात 5 ते 7 दिवस माज आणि उरलेले 14-15 दिवस ती घोड्याला जवळ येऊ देत नाही. बीजांड सुटतं ते माज संपायच्या एक-दोन दिवस आधी. गंमत इथेच आहे: माज अजून दिसतोय म्हणून आपण निवांत असतो आणि बीज सुटूनही गेलेलं असतं.

घोडी लांब दिवसांत माजावर येणारी. थंड मुलखात हिवाळ्यात तिचं चक्र बंदच पडतं. आपल्याकडे तेवढी टोकाची गोष्ट नाही. पुण्यात सर्वांत लहान दिवसही सुमारे 11 तासांचा असतो. तरी डिसेंबर-जानेवारीत चक्र अनियमित असलेल्या घोड्या बऱ्याच दिसतात. लवकर सुरुवात करायची असेल तर ज्या महिन्यात चक्र हवं त्याच्या दोन महिने आधीपासून संध्याकाळी दिवा लावून एकूण उजेड 16 तासांचा करा. ठाणाच्या कोपऱ्यात उभं राहून वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे इतका उजेड. रात्रभर दिवा ठेवून जास्त फायदा होत नाही. काळोखही हवा असतो.

रोज सकाळी टीझर घोड्यापुढे (माज ओळखायला ठेवलेला नर) न्या, मध्ये मजबूत आडवं लाकूड ठेवून. माजावर असेल तर शेपूट बाजूला करते, मागचे पाय फाकवून थोडं थोडं मुतते, योनी उघडझाप करते. नसेल तर कान पाडते, किंचाळते, लाथ झाडते. काही घोड्या लाजाळू असतात, काहीच दाखवत नाहीत. शिंगरू पायाशी असलेली तर हमखास. म्हणून टीझरवर थांबू नका. खरी नोंद सोनोग्राफीची.

सोनोग्राफीत डॉक्टर दोन गोष्टी पाहतील. एक, फॉलिकल म्हणजे बीजाची पुटिका, जी माजात दिवसाला साधारण 3 मिलिमीटरने वाढते. दोन, गर्भाशयाची सूज. पडद्यावर ती आडव्या कापलेल्या संत्र्याच्या फाकांसारखी दिसते. फॉलिकल 35 मिलिमीटरच्या पुढे आणि फाका स्पष्ट, म्हणजे वेळ जवळ आली. फाका पुसट होऊ लागल्या की आणखी जवळ.

5. दिवस जुळवणं

सगळी कसोटी इथे आहे. रेसिपियंटचं बीज डोनरच्या बरोबर किंवा एक ते तीन दिवस नंतर सुटलेलं हवं. आधी सुटलं तर फार तर एक दिवस. माझ्या डॉक्टरांचं वाक्य पागेच्या दारावर लिहून ठेवलंय: "पाहुणा येण्याआधी घर आवरलेलं चालतं, आवरून विसरलेलं चालत नाही."

हत्यारं दोन. प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन माज आणतं, पण बीज सुटून पाच दिवस झाल्यावरच नीट काम करतं. आधी दिलं तर बहुधा फुकट जातं. आणि ते दिल्यावर सगळ्या घोड्या एकाच दिवशी तयार होत नाहीत. त्या वेळी फॉलिकल किती मोठं होतं यावर बीज तीन दिवसांतही सुटेल, बारा दिवसांनीही. सरासरी आठ-दहा. दुसरं हत्यार एचसीजी, बीज सोडायला लावणारं हार्मोन. फॉलिकल 35 च्या वर आणि सूज असताना दिलं तर बीज साधारण 36 ते 48 तासांत सुटतं. पहिलं ढकलायला, दुसरं नेम साधायला.

एक नमुना देतो, माझ्या वहीतल्यासारखाच:

- 1 फेब्रुवारी: डोनरला प्रोस्टाग्लँडिन.
- 2 आणि 3 फेब्रुवारी: रेसिपियंट घोड्यांना प्रोस्टाग्लँडिन.
- 5 पासून: एक दिवसाआड, मग रोज सोनोग्राफी.
- 8, संध्याकाळ: डोनरचं फॉलिकल 36, सूज चांगली. एचसीजी.
- 9: घोडा लावला.
- 10: बीज सुटलं. हा शून्यावा दिवस.
- रेसिपियंटची बीजं 10, 11 आणि 12 ला सुटली. 12 वालीला एचसीजी देऊन आणली.
- 17: डोनर सातव्या दिवशी, रेसिपियंट सातव्या, सहाव्या, पाचव्या दिवशी. धुवायचा दिवस.

सापळा: शून्यावा दिवस म्हणजे बीज सुटलेलं दिसलं तो दिवस. घोडा लावला तो नाही, इंजेक्शन दिलं तो नाही. माझा पहिला हंगाम याच घोळात गेला. वहीत मी घोडा लावल्याची तारीख गोल केली होती, आणि बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी तीच शून्य धरली. बीज सुटलं होतं त्यानंतर दोन दिवसांनी. आम्ही सातवा समजून पाचव्या दिवशी गर्भाशय धुतलं. भ्रूण तर पाचव्या-सहाव्या दिवसाच्या पुढे नळीतून गर्भाशयात उतरतो. मिळणार कुठून? रिकाम्या हाताने सगळे चहा पिऊन गेले. धुतल्यावर डोनरला प्रोस्टाग्लँडिन द्यायचं असतं, तेही 'मिळालंच नाही तर कशाला' म्हणून राहून गेलं. दोन आठवड्यांनी सोनोग्राफी केली तर बाईसाहेब स्वतःच गाभण! जी स्पर्धेसाठी मोकळी ठेवायची होती ती अकरा महिने ठाणावर बसली.

प्रोस्टाग्लँडिननंतर घोडीला घाम फुटतो, पोट दुखल्यासारखं करते, पातळ लीद टाकते. अर्ध्या-एक तासात उतरतं, घाबरू नका. मात्र हे औषध गर्भवती बाईने किंवा दम्याच्या माणसाने हाताळू नये, ते कातडीतूनही शोषलं जातं. आमच्या मोतद्दाराला दमा आहे. त्या दिवशी त्याला मी पागेतच येऊ देत नाही. ही सगळी औषधं नोंदणीकृत पशुवैद्यकानेच द्यायची, हे वेगळं सांगायला नको.

आणि प्रत्येक घोडीच्या मोरकीला रंगीत फीत बांधा. रात्री साडेदहाला टॉर्चच्या उजेडात दोन बदामी घोड्या एकसारख्याच दिसतात.

6. घोडा लावणं किंवा वीर्य भरणं

नैसर्गिक असेल तर माजात एक दिवसाआड, बीज सुटेपर्यंत. थंड करून आणलेलं वीर्य बीज सुटायच्या आधीच्या दिवसात भरावं. गोठवलेलं वीर्य गर्भाशयात फार काळ टिकत नाही. त्यासाठी दर सहा तासांनी सोनोग्राफी करून बीज सुटण्याच्या अगदी जवळ भरावं लागतं. म्हणजे दोन रात्री जागरण. भ्रूण मिळण्याचं प्रमाणही त्यात कमीच. पहिल्या हंगामाला गोठवलेलं वीर्य नकोच, असं माझं मत.

दुसऱ्या दिवशी गर्भाशयात पाणी साचलंय का हे पाहून घ्या. वयस्क घोडीत हमखास साचतं, आणि त्यात भ्रूण टिकत नाही.

7. धुण्याचा दिवस

सातवा किंवा आठवा. सातव्याला भ्रूण अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असतो, आठव्याला बहुधा मिलिमीटरच्या आसपास. गोठवायचाच असेल तर सहाव्याला काढतात, पण ती मोठी प्रयोगशाळा असलेल्यांची गोष्ट.

साहित्य आदल्या रात्री मांडून ठेवा:

- मजबूत खोडा, शेपटीची पट्टी, कोमट पाणी, पोव्हिडोन आयोडीन, कापूस
- फुगा असलेला सिलिकॉनचा कॅथेटर, वाय आकाराची नळी, चिमटे
- रिंगर लॅक्टेट किंवा तयार फ्लशिंग द्रव, 4 ते 6 लिटर, अंगाइतका कोमट
- 75 मायक्रॉन जाळीचं भ्रूण गाळायचं भांडं
- चौकटी आखलेल्या पेट्री डिश, स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, होल्डिंग द्रव (भ्रूण तात्पुरता ठेवायला)
- स्ट्रॉ, भ्रूण सोडण्याची गन (लांब नळी), निर्जंतुक आवरणं
- पूर्ण प्लास्टिकच्या सिरिंज. काळ्या रबरी दट्ट्याच्या नकोत, ते रबर भ्रूणाला बाधतं

डॉक्टर कॅथेटर गर्भाशयमुखातून आत घालून फुगा फुगवतात. लिटर-दीड लिटर फ्लशिंग द्रव आत, हाताने गर्भाशय हलकं चोळायचं, मग तोच द्रव गाळणीतून बाहेर. असं तीनदा. तुमचं काम एकच: आत किती गेलं, बाहेर किती आलं ते मोजा. दोन लिटर आत आणि दीडच बाहेर, तर भ्रूण त्या अर्ध्या लिटरमध्ये असू शकतो. पाणी गढूळ किंवा रक्ताळ आलं तर तेही लिहा.

भांडी कुठल्याही साबणाने धुऊ नका. एकदा आमच्याकडे कुणीतरी मायेने गाळणीचं भांडं विमच्या पाण्याने घासून चकचकीत करून ठेवलं होतं. त्या दिवशी ते बाजूला ठेवून दुसरं वापरलं, नाहीतर भ्रूण त्या फेसाच्या अवशेषानेच मेला असता.

गाळणीत उरलेलं वाटीभर पाणी डिशमध्ये ओततात. पंखा बंद, दार बंद. डॉक्टर डिश चौकटी-चौकटीने सरकवतात. दुसऱ्या हंगामात मला पहिल्यांदा पाहू दिलं: करड्या कचऱ्यात एक गोल, स्वच्छ, कडेला काचेसारखी चकाकती रेघ असलेला थेंब. डिश हलवली की तो घरंगळतो, बाकी कचरा पसरतो. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर साखरेच्या बारीक कणासारखा, आणि तोही आधी कुणी बोट दाखवलं तरच दिसेल.

धुणं संपल्यावर, भ्रूण मिळो वा न मिळो, डोनरला प्रोस्टाग्लँडिन. कारण वर सांगितलंच.

8. सोडणं

भ्रूण दोन-तीन तासांत रेसिपियंटमध्ये जावा. थंड डब्यात 24 तासांपर्यंत नेता येतो, पण घरी रेसिपियंट असेल तर कशाला?

तीन रेसिपियंटपैकी कोणती निवडायची हे त्या सकाळी ठरतं. गर्भाशयाला चांगला ताठरपणा, गर्भाशयमुख घट्ट बंद, सूज शून्य, पाणी शून्य, आणि सोनोग्राफीत पीत पिंड (बीज सुटलेल्या जागी बनणारी गाठ) स्पष्ट. कागदावर पाचव्या दिवसाची घोडी उत्तम असेल, पण गर्भाशयात पाण्याची रेघ दिसली तर सहाव्या दिवसाची घ्या. गर्भाशयमुखातून गन एकदाच, हळू, स्वच्छ हाताने. खूप खुडबुड झाली तर तिथेच गेलं म्हणून समजा. घोडी उगाच तडफड करू नये म्हणून डॉक्टर थोडं शांत करणारं औषध देतात. चांगल्या हातांत सोडलेल्या दहा भ्रूणांपैकी सात-आठ धरतात.

9. धरलं का?

भ्रूणाचं वय मोजा, सोडल्याचे दिवस नव्हे. बाराव्या ते चौदाव्या दिवशी पहिली सोनोग्राफी. वरच्या उदाहरणात 22 ते 24 फेब्रुवारी. दोन भ्रूण सोडले असतील तर जुळं राहिलंय का ते सोळाव्याच्या आत पाहावं लागतं. घोडीत जुळं म्हणजे बहुधा दोन्ही जाणार. पंचविसाव्याच्या पुढे हृदयाचे ठोके, मग 45 आणि 60 ला पुन्हा.

35 दिवसांनंतर गर्भ गेला तर त्या रेसिपियंटला लगेच माजावर आणता येत नाही. गर्भाशयात तयार झालेल्या, एन्डोमेट्रियल कप नावाच्या गाठी स्वतःचं हार्मोन सोडत राहतात आणि घोडी महिनोन्‌महिने रिकामीच थांबते. त्यासाठीच तिसरी रेसिपियंट.

विण्याची तारीखही शून्याव्या दिवसापासून, साधारण 340 दिवस. 10 फेब्रुवारीपासून धरलं तर पुढच्या वर्षी 16 जानेवारीच्या आसपास. दोन-तीन आठवडे मागेपुढे चालतं.

10. व्याल्यावर

शिंगराला रोगप्रतिकार मिळतो तो रेसिपियंटच्या चिकातून, डोनरचा काही संबंध नाही. म्हणून शेवटच्या महिन्यात लसींचा बूस्टर रेसिपियंटला द्यायचा, आणि तिला निदान चार आठवडे आधी ज्या पागेत विणार तिथेच आणून ठेवायचं. एक तासात शिंगरू उभं, दोन तासांत प्यायलं, तीन तासांत वार पडली. यातलं काहीही चुकलं तर डॉक्टरांना फोन, सकाळची वाट पाहू नका.

नोंदणीसाठी डीएनए नमुना: आयाळीचे तीस-चाळीस केस, मुळासकट उपटलेले. शिंगराचे वेगळे, डोनरचे वेगळे, घोड्याचे वेगळे, प्रत्येक पाकिटावर नाव आणि तारीख. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटतो, कागदी पाकीट घ्या. आणि कात्रीने कापलेले केस पाठवू नका. मुळं नसली तर ते परत येतात, आणि तोवर शिंगरू इतकं वाढलेलं असतं की आयाळीला हात लावू देत नाही.